उस्मानभाईचा हमूर

गेल्या महिन्यात नातीने मला अबुधाबीला जपानी चित्रं बघायला नेलं. मी येत नव्हतो. गुडघे दुखतात, एसीत सर्दी होते, आणि चित्रं बघून या वयात मी काय दिवे लावणार? पण सना ऐकते कुठे! "नाना, प्लीज, यू विल लाइक इट," म्हणत तिने मला गाडीत घातलंच.

तिथे एका भिंतीवर तो मासा होता. भला थोरला शिंगाळा, मिशा वाढवून माणसासारखा बसलेला. एका बाजूने लोक त्याला दांडक्यांनी बडवतायत आणि दुसऱ्या बाजूला चार जण त्याच्यापुढे हात जोडून त्याला पेला भरून देतायत. सना शेजारचा इंग्रजी मजकूर वाचायला लागली. मी म्हटलं, "वाचू नको. मला ठाऊक आहे. हा मासा जमिनीखाली हलला की भूकंप होतो, अशी त्यांची जुनी समजूत. बडवतायत त्यांची घरं पडलीत. आणि हे हात जोडणारे सुतार, गवंडी. घरं पडली म्हणून यांना काम मिळालं." सना माझ्याकडे बघतच राहिली. "हाउ डू यू नो दिस?"

काय सांगणार? मला हे उस्मानभाई नाखवामुळे कळलं, आणि त्या माणसाचं नाव मी आमच्या घरात घेत नाही. अल्ला सगळ्यांना माफ करो. मी त्याला अजून केलेलं नाही, करीन असं वाटतही नाही. पण आता नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो.

साठ-बासष्टचा सुमार. अमिरात वगैरे काही झाली नव्हती. दुबईत रुपयाच चालायचा, पिण्याचं पाणी गाढवावरून डब्यात यायचं, आणि आगबोट बाहेर समुद्रात उभी राहायची, तिथून पडावात उतरून खाडीत यावं लागायचं. मी दापोलीकडचा. खाडीकाठच्या देरा भागात एका बड्या सेठच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहाराला लागलो. सेठचा माल सगळा जपानी. मुख्य म्हणजे कापड, आणि थोडी चिनी मातीची भांडी. गोदामाच्या माडीवर एक खोली, तीत आम्ही तिघं: मी, गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारा म्हसळ्याचा इब्राहिम, आणि उस्मानभाई.

पहिल्याच दिवशी मी टाइपरायटरची फीत बसवत होतो. मागून सेठचा घोगरा आवाज आला, "अरे भाई, हाथ चलता है या हम चलाएँ?" मी ताडकन उभा राहिलो, कोपराने शाईची बाटली लवंडली. मागे सेठ नाहीच! कापडाच्या गाठींमागून एक काळा, उंच, हडकुळा माणूस पोट धरधरून हसत बाहेर आला. "बैस रे बैस. सेठ नमाजाला गेलाय. मी उस्मान, हर्णैचा."

त्याचं काम मार्के कोरण्याचं. आता कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. तेव्हा गाठी आणि खोकी गलबतांवर चढवणारे हमाल, खलाशी, कुणालाच वाचता यायचं नाही. मग प्रत्येक व्यापाऱ्याची एक निशाणी असायची: कुणाचा चंद्र, कुणाची किटली, कुणाची उंटाची मान. ती लाकडाच्या ठशावर उलटी कोरायची आणि काळ्या शाईत बुडवून गोणपाटावर उठवायची. बसऱ्यापासून मस्कतपर्यंत लोक ती चित्रं वाचायचे. आमच्या सेठचा मार्का होता दोन खजुरांचा. एका मार्क्याचा मालक एकच, आणि नवा मार्का दिसला की बंदरावर पहिला प्रश्न हाच, की हा कुणाचा? उस्मानभाई म्हणायचा, "नाव नको, निशाणी पुरे." खाडीवर गलबतं बांधणाऱ्यांकडून तो सागवानाचे तुकडे मागून आणायचा, माडीच्या जिन्यात उकिडवा बसायचा आणि पटाशीने कोरत राहायचा. खुर्चीवर बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. जेवताना माशाचं डोकं आधी खायचा. आणि त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी मासळीबाजारात पोचलेली असायची.

पण माणूस प्रेमळ होता, हेही सांगायलाच हवं. तोच तर त्रास आहे. मला एकदा जबर ताप भरला, तेव्हा तो पेज करून चमच्याने पाजत होता, आणि पाजताना इथल्या गोऱ्या डॉक्टरची नक्कल करत होता. तापात हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. घरून पत्र आलं की ते मी वाचून दाखवायचो आणि हा रडायचा. स्वतःच्या पत्राला तर रडायचाच, माझ्याही पत्राला रडायचा. माझी झुबेदा तेव्हा गावी, मुलगी नुकती बसायला लागलेली. तिला मी पाहिलीही नव्हती. सेठचा नियम कडक: नोकराने बायको आणायची नाही. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत, रजा त्याच्या मर्जीवर. "फॅमिली लाओगे तो काम कौन करेगा?" म्हणायचा.

दर थंडीत जपानी कंपनीचा माणूस यायचा, मोरी-सान म्हणून. गोरटेला, बुटका, सतत वाकून नमस्कार करणारा. तो एकदा जिन्यात उस्मानभाईचे ठसे बघून थबकलाच. एकेक ठसा हातात घेऊन उलटासुलटा करून बघू लागला. पुढच्या खेपेला त्याने उस्मानभाईसाठी एक चित्रांचं पुस्तक आणलं. तीही लाकडावर कोरून छापलेली चित्रं. मोरी-सानच्या मोडक्या इंग्रजीचं मी मराठी करायचो. त्यांच्याकडे म्हणे पूर्वी सरकारने फर्मान काढलं, नाटकवाल्यांची चित्रं काढायची नाहीत, राज्यकर्त्यांबद्दल तर चकार शब्द नाही. मग चितारी काय करायचे? मांजरं काढायचे, आणि मांजराच्या तोंडावर अमक्या नटाचं नाक. जुन्या काळातल्या ऋषींच्या जागी आजच्या बायका बसवायचे. गाव ओळखायचं आणि गालात हसायचं. सरकारने विचारलं तर, साहेब, मांजर आहे! "कॅट. बट नॉट कॅट," मोरी-सान बोट वर करून म्हणायचा.

उस्मानभाई वेडा झाला. अल्ला शप्पथ, वेडा! रात्रंदिवस तेच. "बशीर, अरे हे तर आपलंच काम आहे. नाव नको, निशाणी पुरे! या लोकांना कसं सुचलं रे?" शिंगाळ्याचं चित्र त्याच पुस्तकातलं. त्याच पुस्तकात आंधळ्या मालिशवाल्यांची, खेड्यातून आलेल्या भोळ्या माणसांची टिंगल करणारी चित्रंही होती. उस्मानभाई त्यांनाही तितकाच हसायचा. मीही हसायचो. वरच्याला चिमटा काढणारा हात खालच्यालाही काढतो, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

त्याचं पहिलं चित्र पाण्याचं. सेठने पुण्य मिळावं म्हणून पेढीच्या दाराशी रांजण ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं. छानच. पण तो भरायचा आमच्या वाटचं पाणी कापून. माडीवर तिघांत मिळून डबाभर पाणी, त्यात आंघोळ, त्यातच भात. उस्मानभाईने सागवानाची फळी घासली आणि हमूर कोरला. हमूर म्हणजे इथला तो थोराड, खालचा ओठ लोंबणारा मासा, आणि सेठचा ओठ तंतोतंत तसाच! हमूर हातात जपाची तसबीह घेऊन बगळ्याला पाणी पाजतोय, आणि खाली तीन खेकडे जीभ काढून गळणारे थेंब चाटतायत. एका खेकड्याच्या कानाशी पेन, तो मी. एकाच्या नांगीत किल्ल्यांचा जुडगा, तो इब्राहिम. आणि तिसऱ्याच्या हातात पटाशी. स्वतःला तो वगळायचा नाही. हमुराच्या पोटावर दोन खजूर. काजळीची शाई, वर कागद, आणि तो नारळाच्या सोडणाने घासला की चित्र उठायचं.

चित्रं हमालांच्या हाती गेली, तिथून सूकमध्ये, म्हणजे बाजारात. आठवडाभर अख्खा देरा खिदळत होता. मासळीवाले हमूर उचलून विचारायचे, "पाणी पिणार का?" आमची पाचावर धारण बसलेली, कारण आता सेठ कुणाचं तरी बखोट धरणार. सेठ एक अक्षर बोलला नाही. पण महिन्याच्या आत माडीवर पाण्याचे दोन डबे जास्त यायला लागले. इब्राहिमने त्या दिवशी साबण लावून आंघोळ केली आणि उस्मानभाईचे हात धरून म्हणाला, "तू आमचा वकील आहेस." हे आम्हाला खरंच वाटत होतं. जो आपल्याबरोबर सेठला हसतो तो आपला, असा आमचा साधा हिशेब.

मग दरवर्षी एखाददुसरं चित्र निघायचं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायची. चित्र बाहेर गेलं की उस्मानभाई सेठचा चेहरा न्याहाळत राहायचा. "सेठने बघितलं असेल का रे? हसला असेल का? एकटा असताना तरी?" मी म्हणायचो, खलास, सोड ना. तो सोडायचा नाही. सगळा देरा हसला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. जपानी मालात फिंजान यायचे, अरबी कॉफीचे ते बिनकानाचे छोटे पेले. सेठचं लक्ष कापडात, फिंजानची खोकी गोदामात धूळ खात पडलेली. मोरी-सान वैतागला होता. एका थंडीत त्यानेच मला बाजूला घेऊन विचारलं, या पेल्यांसाठी वेगळा एजंट मिळेल का? मी आणि इब्राहिमने घाबरत घाबरत बोलणी सुरू केली. सूकमधला एक अरब दुकानदार, फार भला माणूस, आपल्या दुकानाचा पुढचा भाग आणि आपलं नाव द्यायला तयार झाला. स्वतःचं दुकान म्हणजे सेठची नोकरी नाही, आणि सेठची नोकरी नाही म्हणजे झुबेदा आणि मुलगी इथे. मला दुसरं काही नको होतं. खाडीच्या कडेची एक खोलीही मी बघून ठेवली होती.

उस्मानभाईला तिसरा भागीदार घेतला. त्याला न घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्यापासून लपवणार कसं, एका खोलीत राहून? त्याला सतरा वेळा बजावलं, की करार होईपर्यंत तोंड बंद. त्याने कुराणावर हात ठेवला.

आमच्याकडे दर्यावर्दी लोकांत धंदा नंतर, मार्का आधी. शुक्रवारी नमाजानंतर नव्या मार्क्याचा पहिला ठसा कोऱ्या गोणपाटावर उठवायचा, वर गुळाचा खडा ठेवायचा आणि सगळ्यांनी तोंड गोड करायचं. त्याशिवाय बरकत नाही. दुसरा कुणी असता तर करार झाल्यावर मार्का केला असता. आम्ही आधी केला. कोंब फुटलेला नारळ. उस्मानभाईने इतका सुरेख कोरला होता, की इब्राहिम त्यावरून नुसतं बोट फिरवत बसला. मी मनात म्हटलं, झुबेदा हा मार्का खोक्यांवर बघेल. त्या नारळाची गोष्ट दुनियेत आम्हा तिघांनाच ठाऊक होती.

पुढच्या शुक्रवारी सेठने मोरी-सानला जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी-सान आमच्या करारावर सही करून जाणार होता. पेढीतच सतरंज्या अंथरल्या, मोठ्या ताटात बिर्याणी, आम्ही नोकर कडेला. जेवणं उरकत आली आणि उस्मानभाई उठून सेठपुढे गेला. अंगात धुतलेला पांढरा कुडता. हातात गुंडाळलेला कागद. म्हणाला, "सेठ, मेहमान के वास्ते एक चीज बनाई है."

मला वाटलं जहाजबिहाज असेल. सेठने कागद उलगडला. हमूर होता. पण यावेळी पाणी नाही, तसबीह नाही. हमूर बादशहासारखा गाद्यागिरद्यांवर बसलेला, देखणा, पोटावर दोन खजूर. समोरून दोन खेकडे चोरपावलांनी पळतायत, पाठीवर शंखाच्या जागी भलामोठा फिंजान घेऊन. ओझ्याने त्यांचे पाय फेंगडे झालेत, डोळे बाहेर आलेत. एकाच्या कानाशी पेन, एकाच्या नांगीत किल्ल्या. आणि फिंजानवर कोंब फुटलेला नारळ.

खेकडे दोनच होते. पटाशीवाला नव्हता.

सेठ बघत राहिला. मग त्याचा तो ओठ हलला आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. नारळावर बोट ठेवून त्याने विचारलं, "ये मार्का नया है. किसका है भाई?"

अजूनही वेळ होती. उस्मानभाई म्हणू शकला असता, असाच काढला, सेठ, शोभेसाठी. मी त्याच्याकडे बघत होतो, इब्राहिम बघत होता. पण सेठ हसत होता ना! उस्मानभाईचा चेहरा फुलला होता. त्याने कानाला बोट लावलं, मान वाकडी केली, आणि माझ्या चालीने, हुबेहूब माझ्या चालीने, सतरंजीवरून दोन फेऱ्या मारल्या. मग कमरेशी हात हलवून तोंडाने किल्ल्या वाजवल्या. सगळी पेढी हसली. सेठ मांडीवर थापा मारत होता. "अरे वा, बशीर बाबू! दुकान खोल रहे हो? मुबारक हो!" मोरी-सान तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून पुढ्यातला पेला फिरवत होता.

केसाने गळा कापणं म्हणतात ते असं. शत्रूने कापला असता तर मी ओरडलो तरी असतो. इथे सगळे हसत होते आणि मला काय करावं ते कळेना, तर मी ताटं उचलायला लागलो.

सही झाली नाही. मोरी-सानने जाताना माझा हात धरला, "मिस्टर बशीर, व्हेरी सॉरी," एवढंच म्हणाला. त्याच्या कंपनीचं सगळं कापड सेठकडून जायचं, तो तरी काय करणार? इब्राहिमला पुढच्या आगबोटीने घरी पाठवलं. त्या गरिबाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कुणाकडे न बघता जिना उतरला. मला मात्र ठेवलं, कारण इंग्रजी पत्रं लिहायला दुसरा कुणी नव्हता. पासपोर्ट तिजोरीत होताच. सेठ शांतपणे म्हणाला, "छुट्टी का नाम अब मत लेना."

सही राहिली त्याच संध्याकाळी मी उस्मानभाईला जिन्यात गाठलं. हात उगारला होता. तो उकिडवा बसला होता, नेहमीसारखा. डोळे लाल. मला बघून म्हणाला, "बशीर, सेठ हसला रे. तू बघितलंस?"

माझा हात खाली आला. या माणसाला मारून काय करायचं? मी विचारलं, "आमचं काय, उस्मानभाई? माझ्या मुलीचं काय?" तो म्हणाला, "मला वाटलं, हसला म्हणजे रागावणार नाही. हसलेला माणूस रागावतो का रे?" मग तो रडला. रडायला त्याला काय लागायचं? मी माझं अंथरूण उचलून गोदामात नेऊन टाकलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोललो नाही.

लोक म्हणतात, त्याने बक्षीस मागितलं नव्हतं. नसेल मागितलं. पण सेठने दिलं तेव्हा नको म्हणाला का? त्याला सूकमधलं पेढीचं दुकान सांभाळायला दिलं, आणि बायको आणायची परवानगी दिली. पेढीच्या इतिहासात पहिली परवानगी! पत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं. मी टाइप केलं, एकही चूक न करता. त्यानंतर हमूरही निघायचे, सेठच्या पाहुण्यांसाठी. गुबगुबीत, हसरे, पोटावर खजूर मिरवणारे. हमालांनी ते बघणं सोडून दिलं.

त्याला शेवटचं पाहिलं ते दोनेक वर्षांनी, अब्रामध्ये. खाडी ओलांडायची ती वल्ह्यांची होडी. मी पोस्टाचं काम उरकून बर-दुबईहून परत येत होतो. आत पाऊल ठेवल्यावर दिसलं, समोरच्या फळीवर उस्मानभाई. शेजारी बुरख्यात त्याची बायको, मांडीवर छोटी मुलगी. माझा पाय मागे येत होता, पण होडी सुटली होती.

मुलगी पाण्याला घाबरून रडत होती. तो तिच्यासाठी नकला करत होता. वल्हेवाल्याची केली, मग नाक वर करून चालणाऱ्या गोऱ्या साहेबाची. मुलगी हसली, होडी हसली. आणि काय सांगू, मलाही हसू आलं. आवरायच्या आत आलं. त्या हसण्याचा राग मला आजपर्यंत आहे.

त्याने ते पाहिलं. चेहऱ्यावर एकदम आशा आली. "सलाम कर बेटा, चाचा आहेत." मुलीने कपाळाला हात लावला. पोरीचा काय गुन्हा? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जीती रहो म्हटलं. त्याच्याकडे बघितलं नाही. अर्धी खाडी ओलांडून झाली. मग तो हळूच, अगदी खऱ्या मायेने म्हणाला, "बशीर, तुझी केवढी झाली रे आता?"

तोंडात आलं होतं, तुला काय करायचंय? पण बापाला कुणी मुलीचं विचारलं तर हात आपोआप उठतो. माझाही उठला, एवढी झाली म्हणून दाखवायला. गुडघ्यापाशी धरला. मग थोडा वर नेला. मग आणखी थोडा. होडी काठाला लागली, माणसं उतरायला लागली, आणि मी तसाच हवेत हात धरून बसलो होतो, कारण ती केवढी झाली ते मला माहीत नव्हतं.